पणजोबांच्या वडिलांचं नाव काय होतं? ते कोणत्या जुन्या दप्तरात सापडू शकतं?

वडिलांचं नाव सगळ्यांना पाठ असतं. आजोबांचंही असतं. पणजोबांचं नाव घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारून कळतं. पण पणजोबांच्या वडिलांचं नाव काय, असं विचारलं की बहुतेक घरांत शांतता पसरते.

यात नवल काही नाही. श्राद्धाच्या वेळी वडील, आजोबा आणि पणजोबा अशा तीनच पिढ्यांची नावं घेतली जातात. त्यामुळे घराची आठवण साधारण तिथंच थांबते. त्याच्या मागचं सगळं 'आपले पूर्वज अमुक गावाहून आले म्हणे' एवढ्या एका वाक्यात उरतं.

एरवी या 'म्हणे'ने कुणाचं अडत नाही. पण जात पडताळणीचा अर्ज भरायचा असतो, वडिलोपार्जित जमिनीत वारस म्हणून नाव लावायचं असतं, भावकीतला जुना वाद कोर्टात जातो, तेव्हा 'म्हणे' चालत नाही. तिथं कागद लागतो.

महाराष्ट्राने हे अगदी अलीकडे पाहिलं. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात, नंतर राज्यभरात, जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तहसील कार्यालयांच्या अभिलेख कक्षांत वर्षानुवर्षं न सुटलेली गाठोडी सुटली. मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. शाळा, पोलीस ठाणी, तुरुंग, दुय्यम निबंधक कार्यालयं, सगळीकडची दप्तरं चाळली गेली आणि ५० लाखांहून जास्त नोंदी सापडल्याचं सरकारने सांगितलं. त्यावरचा राजकीय वाद वेगळा. पण त्या निमित्ताने एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. आपल्या खापरपणजोबांचं नाव कुठेतरी लिहिलेलं असण्याची शक्यता आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच जास्त आहे.

मग ते शोधायचं कुठे आणि कसं?

सुरुवात कार्यालयातून नाही, घरातून

बहुतेक जण थेट तहसीलला जातात आणि रिकाम्या हाताने परत येतात. कारण तिथला कर्मचारी पहिला प्रश्न विचारतो, 'गाव कोणतं? सर्व्हे नंबर काय? साधारण कोणत्या सालातली नोंद?' याची उत्तरं नसतील तर शोध पुढे सरकत नाही.

म्हणून आधी घरातल्या वयस्कर माणसांशी बोला. त्यात आत्या, आजी आणि चुलत घरातल्या सुनाही आल्या. मुली लग्न होऊन गेल्या तरी माहेरची माणसं त्यांना नावानिशी आठवतात. विचारायच्या गोष्टी साध्या आहेत. मूळ गाव कोणतं, कुलदैवत कोणतं, भावकी कुठल्या गावात आहे, कुणी दत्तक गेलं होतं का, कुणी सासुरवाडीला स्थायिक झालं का, जुनं आडनाव वेगळं होतं का.

त्यानंतर घरातल्या ट्रंका आणि पेट्या उघडा. जुनी खरेदीखतं, सारा भरल्याच्या पावत्या, रेशनकार्ड, लग्नपत्रिका, पोथीच्या शेवटच्या पानावर लिहिलेल्या जन्मतारखा, जुन्या जन्मपत्रिका. एकेका कागदावर एखादा गट नंबर किंवा एखाद्या चुलत पणजोबांचं नाव सापडतं आणि पुढचं दार उघडतं.

नियम एकच. माहीत असलेल्या पिढीपासून मागे एकेक पायरी जायचं. शिवकाळातल्या एखाद्या प्रसिद्ध माणसापासून सुरुवात करून खाली आपल्यापर्यंत यायचं नाही. तसं केलं की मधल्या रिकाम्या जागा मनाने भरल्या जातात.

शाळेचं जनरल रजिस्टर

घराबाहेरचा पहिला सोपा कागद म्हणजे शाळेचा प्रवेश निर्गम उतारा. आजोबा किंवा पणजोबा गावच्या शाळेत दोन-तीन इयत्ता शिकले असतील तरी त्यांची नोंद जनरल रजिस्टरमध्ये असते. अनेक गावांतल्या जिल्हा परिषद शाळा शंभर वर्षांहून जुन्या आहेत. जिल्हा परिषदा १९६२ मध्ये आल्या, त्याआधी त्या लोकल बोर्डाच्या शाळा होत्या.

या रजिस्टरमध्ये मुलाचं नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख आणि शाळा सोडल्याचं कारण असतं. जात पडताळणीत या नोंदीला मोठं वजन आहे.

फक्त जन्मतारखेवर फार विसंबू नका. गावातल्या अनेक म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस १ जूनला का येतो? कारण जन्मतारीख कुणालाच माहीत नसायची, मग गुरुजी अंदाजाने वय धरून जूनची पहिली तारीख टाकून मोकळे व्हायचे.

कोतवाल बुक: गावातल्या जन्म-मृत्यूची वही

आजचा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. पण त्याच्या कितीतरी आधीपासून गावात कोण जन्मलं आणि कोण वारलं हे लिहून तालुक्याला पाठवलं जायचं. ही नोंदवही म्हणजे गाव नमुना नंबर १४. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. ती आज साधारणपणे तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते.

वाचताना एक अडचण येते. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतंच, कारण नोंद झाली तेव्हा बारसं झालेलं नसायचं. तिथं एवढंच असतं की अमक्याला मुलगा झाला किंवा मुलगी झाली. म्हणून शोधताना आजोबांचं नाव न शोधता आजोबांच्या वडिलांचं नाव शोधायचं आणि जन्माचं साल जुळवायचं.

मृत्यूच्या नोंदी जास्त बोलक्या असतात. नाव, वय, जात आणि मरणाचं कारण. ताप, पटकी, देवी, प्लेग. एकाच आठवड्यात एकाच घरातली दोन-तीन नावं दिसली की त्या घरावर काय ओढवलं असेल ते वेगळं सांगावं लागत नाही. 'आमची आजी मामाकडे वाढली' या घरात ऐकलेल्या वाक्यामागचं कारण कधी कधी अशा एका ओळीत सापडतं.

जमीन बोलते: सातबारा, फेरफार आणि जुनी पत्रकं

महाराष्ट्रात कुटुंबाचा इतिहास शोधण्याचा सगळ्यात पक्का रस्ता जमिनीतून जातो. माणसांची नावं बदलतात, आडनावं बदलतात, पण जमीन जागची हलत नाही.

आजच्या सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक लिहिलेले असतात. त्यातला एकेक क्रमांक म्हणजे मालकीत झालेला एकेक बदल. फेरफार म्हणजे गाव नमुना सहा. त्यातला वारसाचा फेरफार वंशावळीसाठी सोन्यासारखा असतो. अमका खातेदार अमक्या दिवशी मयत झाला, त्याला वारस म्हणून बायको, मुलगे, मुली इतके, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. एका फेरफारावरून त्याच्या आधीचा, त्यावरून आणखी आधीचा, असं मागे जाता येतं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ मध्ये आला, त्यामुळे तिथल्या अनेक गावांत ही साखळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पोचते.

त्याहून मागे जायचं तर भूमी अभिलेख कार्यालयातली मोजणीच्या काळातली पत्रकं बघावी लागतात. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून जमीन मोजणीची नवी पद्धत सुरू केली. पुढे त्यातून शेतवारपत्रक, पक्काबुक, क्लासर रजिस्टर, प्रतिबुक अशी दप्तरं तयार झाली. विदर्भात अधिकार अभिलेख, मराठवाड्यात खासरा पत्रक आणि पाहणीपत्रक ही नावं ऐकू येतात. प्रदेश वेगळा, राजवट वेगळी, म्हणून कागदाचं नावही वेगळं.

इथं दोन गोष्टी माहीत नसतील तर माणूस अडकतो.

पहिली गोष्ट म्हणजे नंबर. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्यानंतर अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट नंबर घेऊन १९२० चं दप्तर शोधलं तर हाती काही लागत नाही. आधी एकत्रीकरणाच्या कागदांतून तुमच्या गटाचा जुना सर्व्हे नंबर काढावा लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आद्याक्षरं. जुन्या उताऱ्यावर नावापुढे 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.क.' दिसतं. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा कर्ता. जमीन सगळ्या भावांची असायची, पण उताऱ्यावर नाव थोरल्याचंच लागायचं. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता. वडील लवकर गेले आणि मुलं लहान असली की आईचं किंवा चुलत्याचं नाव असं लागायचं. त्यामुळे उताऱ्यावर पणजोबांचं नाव दिसलं नाही म्हणजे ते त्या घरातले नव्हते असं होत नाही. ते कदाचित धाकटे भाऊ असतील.

आडनावच नसेल तर?

शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या बऱ्याच कागदांवर आडनाव नसतं. तिथं 'रामा बिन येसू' असं लिहिलेलं असतं. बिन म्हणजे मुलगा, येसूचा मुलगा रामा. काही कागदांत बिनऐवजी 'वल्लद' येतं. बाईच्या नावापुढे 'कोम', 'भ्रतार' किंवा 'जौजे' असतं आणि त्यापुढचं नाव नवऱ्याचं असतं.

गावाच्या नावाआधी 'मौजे' किंवा 'कसबे' असतं. मौजे म्हणजे साधं गाव, कसबे म्हणजे बाजारपेठेचं गाव. ते गाव त्या काळी कोणत्या तर्फेत आणि परगण्यात होतं हे माहीत असलं की शोध सोपा होतो. कारण आजचा तालुका आणि तेव्हाचा परगणा एकच असेल असं नाही.

अशा वेळी माणूस ओळखायचा तो आडनावावरून नाही, तर तीन गोष्टी जुळवून. वडिलांचं नाव, गाव आणि जमीन.

मोडी, उर्दू आणि तारखांचं कोडं

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातला सरकारी आणि खासगी व्यवहार बऱ्याच अंशी मोडी लिपीत चालायचा. भाषा मराठीच, लिपी वेगळी. आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग हात न उचलता त्याखाली लिहीत जायचं. शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्यामुळे तिथली बरीच महसुली दप्तरं उर्दूत आहेत.

मोडी शिकणं वाटतं तेवढं अवघड नाही. मुळाक्षरं थोड्या दिवसांत येतात, सराव मात्र लागतो, कारण प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं. स्वतः शिकायचं नसेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घेता येतं. पण एक काळजी घ्या. संशय असलेला शब्द दुसऱ्या जाणकाराला वेगळा दाखवा आणि तुम्हाला काय अपेक्षित आहे ते आधी सांगू नका.

तारीख वाचणं हे आणखी एक कोडं. जुन्या कागदांवर इसवी सन क्वचितच असतो. तीन कालगणना वारंवार भेटतात.

शालिवाहन शक असेल तर त्यात ७८ मिळवा. शक १७९६ म्हणजे १८७४-७५.

दख्खनी फसली साल असेल तर ५९० मिळवा. फसली १३४० म्हणजे १९३०-३१. निजामाच्या दप्तरात हे नेहमी दिसतं.

सुहूर सन असेल तर ५९९ मिळवा. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या कागदांत हा असतो आणि तो अरबी आकड्यांच्या नावांनी लिहितात. 'खमस सबैन मया व अलफ' म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार. एकूण ११७५. त्यात ५९९ मिळवले की १७७४. हे वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतं. म्हणून त्याच सुहूर सनातला जानेवारीतला कागद १७७५ चा असतो.

पेशवे दप्तर: सगळ्यांचं नाही, पण अनेकांचं

पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तर आहे. कागद कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. असे तीस हजारांहून जास्त रुमाल तिथं आहेत. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, पण एकूण साठ्यापुढे ते फार थोडे. मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथंही राज्याची पुरालेखागारं आहेत.

या कागदांत वंशावळी कशा आल्या याचं कारण मजेशीर आहे. लोकांनी त्या हौसेने लिहून ठेवल्या नव्हत्या. भांडणातून आणि चौकशीतून त्या लिहाव्या लागल्या.

गावची पाटीलकी कुणाची, कुलकर्ण वतन थोरल्या घराचं की धाकट्या, असे वाद झाले की दोन्ही पक्ष आपापली घराण्याची हकीकत लिहून द्यायचे. तिला 'करीना' म्हणतात. गोतसभेच्या निवाड्याचा कागद म्हणजे 'महजर'. पुढे इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले. इनाम खरंच कुणी, कुणाला आणि कधी दिलं याचे पुरावे इनामदारांकडे मागितले. लोकांनी सनदा, कैफियती आणि वंशावळी आणून दाखल केल्या. ज्यांनी त्या काळी जमीन वाचवण्यासाठी हे कागद दिले, त्यांच्या वंशजांना आज त्यातून पाच-सहा पिढ्यांची नावं मिळतात.

मात्र करीना वाचताना सावध राहायला हवं. तो जिंकण्यासाठी लिहिलेला असतो. दुसऱ्या पक्षाच्या करीन्यात त्याच घराण्याची वेगळीच कहाणी असू शकते.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या घरातली अशी दप्तरं गोळा करत होते. त्यांनी १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. तिथंही खासगी घराण्यांचे असंख्य कागद जपलेले आहेत. मूळ घरातली प्रत वाळवीने खाल्ली असेल, पण तिची नक्कल एखाद्या छापील खंडात असू शकते.

तीर्थोपाध्यांच्या वह्या आणि हेळवी

सरकारी दप्तराबाहेर दोन मोठे साठे आहेत.

पहिला तीर्थक्षेत्रांचा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार इथं तीर्थोपाध्ये पिढ्यान् पिढ्या यजमानांच्या नामावळी लिहून ठेवतात. अस्थिविसर्जन किंवा श्राद्धासाठी कुणी गेलं की उपाध्ये वही काढतात. त्यात पूर्वी येऊन गेलेल्या पूर्वजाचं नाव, बरोबर कोण होतं, भाऊ किती, मुलं किती हे सापडतं, आणि खाली बहुधा त्याची सहीसुद्धा. मग आजच्या माणसाने आपल्या घरातली नावं त्याखाली लिहायची. अशा वह्या गावानुसार आणि आडनावानुसार लावलेल्या असतात, म्हणून तिथं जाताना मूळ गाव माहीत हवं. सध्या राहता ते शहर सांगून उपयोग नाही. हरिद्वारच्या अनेक वह्यांची मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या युटा इथल्या वंशावळ संस्थेने काढून ठेवलेली आहे.

दुसरा साठा हेळव्यांचा. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि उत्तर कर्नाटकात हेळवी समाजाचे लोक ठरलेल्या गावांना येतात, यजमानाच्या दारात बसून त्याची वंशावळ म्हणून दाखवतात आणि मधल्या काळात जन्मलेल्या मुलांची नावं चोपडीत टिपून घेतात. बदल्यात धान्य, पैसे, कधी जनावर मिळतं. 'हेळु' म्हणजे कन्नडमध्ये सांगणे. ज्या शेतकरी घरांत कागदाचा एक कपटा नाही, त्यांच्या दहा-बारा पिढ्या हेळव्याच्या चोपडीत असतात. नवी पिढी शहरात गेली, हेळव्यांची मुलंही दुसरे धंदे करू लागली. त्यामुळे हेळवी दारात आले तर त्यांना परत पाठवू नका.

पूर्वज गोव्याचे किंवा साता समुद्रापार गेलेले असतील तर

गोव्यात पोर्तुगीज राजवटीमुळे कागद वेगळे आहेत. ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चमधली बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यूची पुस्तकं असतात. धर्मांतराच्या वेळी नाव आणि आडनाव दोन्ही बदलायचं, म्हणून त्या पिढीपाशी साखळी तुटल्यासारखी वाटते. तिथून पुढे गावकरीचे, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचे कागद उपयोगी पडतात. पणजीच्या पुराभिलेख खात्याची मुळं १५९५ पर्यंत जातात. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या आजी-आजोबांच्या जन्मनोंदी आज अनेक जण पोर्तुगीज नागरिकत्वासाठी शोधतात.

मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसांची गोष्ट उलटी आहे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी आणि आसपासच्या भागातून उसाच्या मळ्यांवर करारावर गेलेल्या मजुरांची नोंद इंग्रजांनी फार बारकाईने ठेवली. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ती दप्तरं आहेत. जहाज, गाव, वडिलांचं नाव, काही जणांचे फोटोसुद्धा. पुढे तिथं पूर्वजाचं पहिलं नावच घराण्याचं आडनाव झालं. त्यामुळे मॉरिशसहून गाव शोधायला कोकणात आलेल्या माणसाचं आडनाव गावात कुणालाच ओळखीचं वाटत नाही.

ज्यांची नावं कुणी लिहिली नाहीत

हे सगळे कागद कुणी आणि कशासाठी लिहिले हे विसरून चालत नाही. सारा गोळा करणाऱ्याने जमीनवाल्याचं नाव लिहिलं. वतनाच्या वादात वतनदाराची वंशावळ आली. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, त्यांची नावं मागे राहिली.

तरी काही वाटा आहेत. महार वतनाच्या जमिनी जुन्या दप्तरात इनाम वर्ग ६-ब म्हणून दिसतात आणि तिथं वतनदारांची नावं असतात. कसणाऱ्या पण मालक नसलेल्या घरांची नावं कुळ नोंदवहीत सापडतात. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर अशी अनेक कुळं मालक म्हणून नोंदली गेली. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी तयार झालेलं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर घरवार होतं, त्यात जमीन नसलेली घरंही आहेत.

भटक्या आणि विमुक्त जमातींची अवस्था सगळ्यात कठीण. ना गाव एक, ना जमीन, ना शाळा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांच्यातल्या अनेकांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं आणि पोलिसांच्या रजिस्टरात नाव लिहून हजेरी लावली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. आज त्यांच्या नातवंडांना जातीचा दाखला काढताना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो, तेव्हा कधी कधी हाती लागतो तो तोच अपमानाचा कागद.

इतर प्रवर्गांसाठीही अशाच तारखा आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्यापूर्वीची नोंद ज्यांच्या पूर्वजांना कुणी दिलीच नाही, त्यांची धावपळ इतरांपेक्षा कितीतरी मोठी असते.

बायकांचंही तसंच. वंशावळीच्या तक्त्यात मुलग्यांच्या फांद्या वाढत जातात आणि आजीचं नाव कुठेच नसतं. लग्नानंतर नाव बदललेलं, त्यामुळे एकच बाई दोन गावांत दोन नावांनी असते. तिला शोधायचं तर वारसाचे फेरफार, बक्षीसपत्रं आणि अ.पा.क. म्हणून लागलेली नावं बघावी लागतात.

कुठे चुकायला होतं?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकाच नावाची दोन माणसं एक धरणं. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत आहे. त्यामुळे 'येसू बिन रामा' आणि 'रामा बिन येसू' हे आलटून पालटून येत राहतात. दोन कागदांतली माणसं एकच आहेत हे म्हणायला साल, भावांची नावं आणि सर्व्हे नंबर जुळायला हवा.

दुसरी चूक दत्तकाची. दत्तक गेलेल्या माणसाचं नाव जन्मदात्याच्या घरातून गायब होतं आणि दुसऱ्या वंशावळीत अचानक उगवतं.

तिसरी चूक गॅझेटियरबद्दलची. हैदराबाद गॅझेट किंवा मुंबई इलाख्याचं गॅझेटियर यात आपलं नाव सापडेल असं अनेकांना वाटतं. गॅझेटियरमध्ये प्रदेशाची, जातींची, लोकसंख्येची माहिती असते. कुटुंबांची यादी नसते.

चौथी चूक सोशल मीडियावरची. 'तुमचं आडनाव सांगा, तुमचं मूळ राजघराणं सांगतो' अशा पोस्ट रोज फिरतात. एकच आडनाव अनेक जातींत, अनेक गावांत असतं. नुसत्या आडनावावरून वंश ठरत नाही. घराण्यांनी छापलेले कुलवृत्तांत यापेक्षा कितीतरी भरवशाचे, पण त्यातही जुन्या पिढ्यांना कागदाचा आधार दिलाय की नुसती आख्यायिका आहे, हे तपासून घ्यावं.

आणि शेवटची, सगळ्यात महाग पडणारी. जुन्या रजिस्टरमध्ये कुणी नंतर एखादा शब्द घुसवला असेल तर शाई, अक्षर आणि ओळींमधली जागा यावरून ते पकडलं जातं. जात पडताळणी समिती दक्षता पथकाकडून चौकशी करू शकते. खोट्या नोंदीवर मिळवलेला दाखला रद्द होतो, त्यावर मिळालेली नोकरी किंवा प्रवेश जातो आणि गुन्हाही दाखल होतो. एका दलालाच्या नादाने मुलाची पाच वर्षं वाया जाऊ शकतात.

आज काय करता येईल?

काही जिल्ह्यांचे जुने फेरफार, सातबारा आणि इतर अभिलेख सरकारच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर स्कॅन स्वरूपात बघता येतात. जे तिथं नाही त्यासाठी तहसील किंवा भूमी अभिलेख कार्यालयात नकलेचा अर्ज करावा लागतो. अर्जात गाव, जुना सर्व्हे नंबर आणि सालाचा अंदाज लिहिला तर काम लवकर होतं. जातीच्या कामासाठी मोबाइलवरचा फोटो चालत नाही, सही-शिक्क्याची नक्कल लागते.

सापडलेल्या प्रत्येक नावापुढे ते कोणत्या कागदातून मिळालं हे लिहून ठेवा. घरातल्या माणसाने सांगितलेलं असेल तर सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा. जुन्या कागदांचे फोटो काढा, त्यांना सेलोटेप लावू नका, प्लॅस्टिकमध्ये कोंबू नका. आणि मूळ दाखले किंवा सातबारे फॅमिली ग्रुपवर टाकताना ते पुढे कुठवर जातील याचा विचार करा.

पण यातलं एक काम असं आहे की ज्याची नक्कल कुठल्याच कार्यालयात मिळत नाही. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला जे आठवतं ते. तहसीलमधलं दप्तर पुढच्या वर्षीही तिथंच असेल. आजी असेलच असं नाही. म्हणून फोन घ्या, रेकॉर्डिंग सुरू करा आणि तिला तिच्या माहेरपासून विचारायला लागा.